हॉगबॅक : नैसर्गिक बर्फाच्या भरवशावरचे स्की केंद्र

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात, मार्लबरो या छोट्या गावाच्या हद्दीत, हमरस्ता क्रमांक ९ च्या कडेला हॉगबॅक डोंगर आहे. उंची सुमारे २४०० फूट. येथे १९४६ ते १९८६ अशी चाळीस वर्षे एक लहानसे स्की केंद्र चालले. डोंगर व्हाइट कुटुंबाच्या मालकीचा होता. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार जेमतेम ५०० फुटांचा, त्यामुळे आल्प्सच्या तुलनेत हा डोंगर म्हणजे टेकडीच. मात्र आसपासच्या गावांतील मुले पायांना स्की बांधून पहिल्यांदा पडली ती अशाच उतारांवर.

स्कीइंगमधील खरी अडचण उतरण्याची नसून चढण्याची असते. पूर्वी तासभर चढावे तेव्हा काही मिनिटे घसरायला मिळे. जानेवारी १९३४ मध्ये याच राज्यातील वुडस्टॉक येथे एका शेतातील उतारावर जुन्या फोर्ड मोटारीच्या इंजिनावर फिरणारा दोर बसवण्यात आला. हा दोर हाताने धरायचा आणि वर ओढले जायचे. अमेरिकेतील ही अशी पहिलीच सोय मानली जाते. खर्च किरकोळ असल्याने तिचे अनुकरण गावोगावी झाले. हॉगबॅकने त्यापुढची पायरी गाठली. तेथे टी-बार होता, म्हणजे तारेवरून लोंबणारा, उलट्या टी अक्षरासारखा दांडा. दोघांनी त्याला नुसते टेकायचे. बसायला गेलेला नवखा हमखास बर्फात लोळतो.

जवळच वेस्ट डोव्हर येथे १९५४ साली माउंट स्नो हे मोठे केंद्र सुरू झाले आणि स्पर्धा वाढली. मोठी केंद्रे पुढे कृत्रिम बर्फाकडे वळली. त्यासाठी तळी, पंप, नळांचे जाळे आणि भक्कम भांडवल लागते. हॉगबॅक अखेरपर्यंत आभाळातून पडणाऱ्या बर्फावरच अवलंबून राहिले. बर्फ कमी पडला की त्या हिवाळ्याचे उत्पन्न बुडे.

तरीही हॉगबॅकचा कणा मोडला तो केवळ उबदार हिवाळ्यांनी नव्हे, तर विम्याने. ही बाजू सहसा विस्मरणात जाते. स्कीइंग करणारा आपल्या जोखमीवर उतरतो, हे तत्त्व व्हरमाँटमधील एका खटल्यात १९५१ साली मान्य झाले होते. १९७४ मध्ये स्ट्रॅटन या मोठ्या केंद्रात नवशिक्यांच्या सोप्या वाटेवर, बर्फाखाली दडलेल्या झुडपात स्की अडकून एक तरुण कायमचा पंगू झाला. ज्यूरीने १९७७ साली त्याला १५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या तरुणाला न्याय मिळाला, यात शंका नाही. राज्य विधिमंडळाने त्याच वर्षी खेळाची अंगभूत जोखीम स्कीपटूची असल्याचा कायदा केला. पण विमा कंपन्यांनी हप्ते भराभर वाढवले होते. मोठ्या केंद्रांनी तो भार तिकिटांच्या दरात मुरवला. थोड्याशा तिकीटविक्रीवर चालणाऱ्या लहान केंद्रांना ते शक्य नव्हते. वाढते हप्ते आणि बेभरवशाचा बर्फ या दुहेरी ओझ्याखाली १९८६ साली हॉगबॅक बंद पडले.

असे झालेले हे एकटेच केंद्र नाही. न्यू इंग्लंडमधील बंद पडलेल्या स्की केंद्रांची नोंद करण्याचे काम हवामानतज्ज्ञ जेरेमी डेव्हिस यांनी १९९८ साली हाती घेतले. ती यादी सहाशेच्या वर गेली आहे. त्यांतील बहुतेक उतारांवर आज रान माजले असून गंजलेल्या चाकांवरूनच जागेची ओळख पटते.

हॉगबॅकच्या वाट्याला मात्र जरा वेगळे भवितव्य आले. या जागेवर बांधकामे उभी राहू नयेत म्हणून स्थानिक नागरिकांनी निधी उभारला आणि २०१० साली ५९१ एकर जमीन संरक्षित क्षेत्र म्हणून मार्लबरो गावाच्या मालकीची झाली. स्वयंसेवक जुन्या वाटांवरील झाडोरा तोडतात. पुरेसा बर्फ पडला की हौशी मंडळी तेथे स्कीइंगला येतात. तिकीट नाही, टी-बारही नाही. वर जायचे ते स्वतःच्या पायांनी, १९३४ पूर्वी जात तसे.