धिरडे-गुळवणी

धिरडे हा पिठाचे पातळ सरसरीत मिश्रण तव्यावर पसरून केला जाणारा महाराष्ट्रीय खाद्यपदार्थ आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसह मराठवाड्यात गव्हाच्या पिठाचे धिरडे गुळवणीत बुडवून खातात. उन्हाळ्यात गुळवणीची जागा आमरस घेतो. मैदा, अंडी व दूध यांपासून केलेला आणि मेपल वृक्षाच्या पाकासोबत खाल्ला जाणारा पाश्चात्त्य पॅनकेक हा याच जातीचा पदार्थ होय.

गुळवणी म्हणजे पाण्यात विरघळवून उकळलेला गूळ. त्यात वेलची किंवा सुंठ घालतात. दूध घालायचे असल्यास गुळवणी निवल्यावर घालावे, अन्यथा ते नासते.

पोषणमूल्य

८० ग्रॅम कणीक व दोन चहाचे चमचे तेल वापरून केलेल्या दोन धिरड्यांतून सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा, ८ ते ९ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू मिळतात. वाटीभर गुळवणीतील ३० ग्रॅम गूळ यात सुमारे ११० किलोकॅलरींची भर घालतो. ही भर जवळजवळ सर्वस्वी शर्करेची असते.

गुळाने रक्त वाढते, हा समज घरोघरी आहे. तो पूर्ण खोटा नसला तरी अतिशयोक्त आहे. १०० ग्रॅम गुळात साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे वाटीभर गुळवणीतून एक-दीड मिलिग्रॅमच मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सुचविलेली दैनंदिन मात्रा २९ मिलिग्रॅम आहे. रक्तक्षय झालेल्या मुलीला औषधाऐवजी गूळ देत राहणे म्हणूनच घातक ठरू शकते. जेवणावर लगेच घेतलेला चहा तर मिळालेल्या लोहाचेही शोषण कमी करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. २००० किलोकॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम शर्करा; एवढी एका वाटी गुळवणीतच येते. मधुमेही व्यक्तींनी गूळ साखरेपेक्षा निर्धोक मानू नये.

कणकेतील चौथा हिस्सा हरभरा डाळीच्या पिठाचा घेतल्यास दोन धिरड्यांमागे प्रथिने दोन-अडीच ग्रॅमांनी वाढतात. गव्हात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्लही त्यातून मिळते.