एकात्मिक मानसोपचार

एकात्मिक मानसोपचार ही मनोविश्लेषण, वर्तनोपचार, बोधात्मक उपचार, व्यक्तिकेंद्री समुपदेशन, कुटुंबोपचार इत्यादी पद्धतींमधील तत्त्वे व तंत्रे व्यक्तीच्या गरजेनुसार एकत्र आणणारी उपचारपद्धती आहे.

इतिहास

निरनिराळ्या उपचारपद्धतींच्या यशामागे काही समान घटक असतात, असे मत सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ साली मांडले. पॉल वॉक्टेल यांनी १९७७ साली मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार यांची सांगड घातली.

स्वरूप

मानसोपचारक प्रथम व्यक्तीचे विचार, भावना, वर्तन, शारीरिक स्थिती व नातेसंबंध समजून घेतात आणि त्यानुसार तंत्रांची निवड करतात. एखादे तंत्र लागू पडत नसल्यास दोघांच्या विचाराने उपचारांची दिशा बदलली जाते. परस्परविश्वासाचे नाते हा या पद्धतीचा पाया मानला जातो. तंत्रांची केवळ सरमिसळ म्हणजे एकात्मिक उपचार नव्हेत. प्रत्येक निवडीमागे सुसंगत कारण असावे लागते. तीव्र मनोविकारांत मनोविकारतज्ज्ञांच्या औषधोपचारांना ही पद्धत पूरक असते, पर्याय नव्हे.

महाराष्ट्रातील उदाहरण

डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे कार्य या दृष्टिकोनाशी मिळतेजुळते आहे. व्यसनी व्यक्ती ही गुन्हेगार नसून रुग्ण आहे, या भूमिकेतून तेथे वैद्यकीय उपचार, समुपदेशन, समूहोपचार व योग यांचा एकत्रित वापर होतो. व्यसनमुक्त झालेले अनेक रुग्ण तेथेच कार्यकर्ते म्हणून काम करतात. व्यसनाची झळ संपूर्ण घराला बसत असल्याने कुटुंबीयांनाही उपचारांत सामावून घेतले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट चालतो.