काय कमी केलंय ते आधी विचार

चिपळूणला आमचा फोटो स्टुडिओ होता. पावसाळ्यात लग्नं थांबली की गिऱ्हाईक तुटायचं, पण एक प्रश्न विचारणारं कुणी ना कुणी भर पावसातही छत्री निथळत दारात उभं राहायचं. पैसे एवढेच आहेत, कॅमेरा कुठला घेऊ? बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "स्वस्त आहे ना? मग त्यात काय कमी केलंय ते आधी विचार. जे कमी केलंय ते तुला लागणारच नसेल, तर खुशाल घे."

हे शहाणपण त्यांना आग्फा क्लिक थ्रीने दिलं होतं. बडोद्याला तयार होणारा हा प्लास्टिकचा कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पोचला. काचेचं एकच भिंग, शटरचा वेग एकच, आणि ऊन की ढग एवढंच ठरवायचं. १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो. निगेटिव्ह एवढी मोठी की एनलार्जर न वापरता ती सरळ कागदावर ठेवून प्रिंट काढता येई. म्हणजे भिंगात वाचवलेले पैसे निगेटिव्हच्या आकाराने थोडेफार भरून दिले होते. अंगणात, उन्हात, माणसं स्थिर उभी असतील तर फोटो येणारच. संध्याकाळच्या मांडवात मात्र तो कॅमेरा आंधळा. गिऱ्हाइकाला आधी 'फोटो कुठे काढणार?' असं बाबा विचारत ते यासाठीच.

परवडणाऱ्या कॅमेऱ्याचा शोध आपल्याकडे जुना आहे, आणि तो नेहमी काहीतरी पणाला लावूनच झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, पण तो छंद तेव्हा डॉक्टर, अधिकारी आणि श्रीमंतांनाच झेपणारा होता. पुढे दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतःच घडवला आणि त्यावर 'सैरंध्री' हा चित्रपट उभा केला, तो १९२० मध्ये लोकांसमोर आला. परदेशी यंत्र परवडत नाही म्हणून अडून न बसता ते खोलून, समजून घेऊन पुन्हा बांधणं, याहून मोठी हिंमत मला या साऱ्या इतिहासात दिसत नाही. कोल्हापूरला गेले की आजही मला आधी ती आठवते.

बाबांच्या काळात अडचण निराळी होती. आयातीवर निर्बंध होते. चांगला जपानी कॅमेरा दुकानात सरळ मिळायचा नाही, तो यायचा ओळखीतून. कोकणात ती ओळख म्हणजे बोटीवर नोकरी करणारा नातेवाईक. बाबांच्या मामेभावाने त्यांच्यासाठी जपानहून निक्कोरमॅट आणला, सोबत ५० मिलिमीटरची एफ २ लेन्स. पैसे बाबांनी दोन वर्षं फेडले. त्या कॅमेऱ्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घालून त्यांनी निम्म्या तालुक्याचे चेहरे टिपले असतील.

२६ जुलै २००५ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली. स्टुडिओत पाणी छातीपर्यंत आलं. एनलार्जर, निगेटिव्हचे खोके, निक्कोरमॅटची बॉडी, सगळं चिखलात गेलं. लेन्स तेवढी वाचली. तिच्या कडेला बुरशीचा ठिपका दिसतोय म्हणून बाबांनी ती आदल्या आठवड्यात घरी आणली होती. पूर ओसरल्यावर त्यांनी स्टुडिओ उघडला नाही. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. मनात धरलं, या लेन्सला बॉडी मिळवून द्यायची.

तोवर डिजिटलचं जग पार पालटलं होतं. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ ३ च्या बॉडीवर पहिला विक्रीयोग्य डीएसएलआर बांधला, तेव्हा तो जेमतेम १३ लाख बिंदू टिपायचा. फोटो साठवायची पेटी वेगळी होती, ती खांद्याला अडकवून वायरीने कॅमेऱ्याला जोडावी लागे. किंमत २०,००० डॉलरच्या आसपास. १९९९ चा निकॉन डी १ वर्तमानपत्रांनी उचलला, पण तोही पाच हजार डॉलरच्या वरचाच. सामान्य माणसाला दार उघडलं ते ऑगस्ट २००३ मध्ये, कॅननच्या ३००डी ने. हजार डॉलरच्या आतला हा पहिला डीएसएलआर.

बाबांचा प्रश्न इथे विचारून पाहिला की फार काही उमगतं. ३००डी मध्ये थोरल्या १०डी सारखाच ६३ लाख बिंदूंचा सेन्सर होता. मग कमी काय केलं? धातूऐवजी प्लास्टिक आलं. वरच्या भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरसे जोडून काम भागवलं, त्यामुळे डोळ्याला दिसणारं चित्र लहान आणि मंद झालं. काही सोयी कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्येच बंद करून ठेवल्या होत्या. हौशी मंडळींनी प्रोग्रॅम बदलून त्यातल्या बऱ्याच उघडल्या. फोटोच्या दर्जाला मात्र हात लावला नव्हता. ज्याला शिकायचं होतं त्याच्यासाठी हा सौदा खरा होता, असं मी आजही म्हणेन.

निकॉनचा डी ४० आला २००६ च्या शेवटी. तिथली काटछाट नवख्याच्या लक्षात येत नाही. आधीच्या डी ५० मध्ये लेन्स फिरवणारी मोटर बॉडीतच होती. डी ४० मधून ती काढून टाकली. परिणाम असा की सगळ्यांनी शिफारस केलेली, स्वस्त ५० मिलिमीटर एफ १.८ डी लेन्स यावर चढते, पण फोकस हाताने करावा लागतो. अनेकांनी पहिल्या पगारात ही जोडी घेतली आणि घरी आल्यावर हिरमुसले. त्यांच्या उपयोगाची, मोटर स्वतःत असलेली ३५ मिलिमीटर एफ १.८ जी निकॉनने काढली ती २००९ साली.

त्याच वर्षी भिशीचा माझा नंबर लागला. २०,००० रुपये पर्समध्ये घालून कोकणकन्येने पहाटे सीएसटीला उतरले आणि दुकानं उघडेपर्यंत स्टेशनात बसले. समोरच फोर्टातली बोरा बाजारची गल्ली. महाराष्ट्रातल्या किती गावांच्या किती फोटोग्राफरांनी तिथे पहिली बॉडी हातात घेतली असेल! एका दुकानात बिलासह एक भाव, बिनबिलाचा दुसरा, वापरलेल्याचा तिसरा. दुसरा भाव मोहात पाडणारा, पण त्यात गॅरंटी कमी केलेली असते.

तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी डी ५० आणि डी ४०, दोन्ही वापरलेले, काउंटरवर शेजारी ठेवले आणि झाकणं काढून दाखवली. डी ५० च्या कड्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा इवला दांडा होता, डी ४० त तो नव्हता. मी पिशवीतून बाबांची लेन्स काढली. ती हातात फिरवून ते म्हणाले, "बेटा, ही १९७७ च्या आधीची. डी ५० वर चढवू नका, आतला खटका अडेल. डी ४० वर बिनधास्त लावा." जुन्या लेन्सला आडवं येणारं काहीच त्या धाकट्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी नव्हतं! काय कमी केलंय हे विचारायला मी गेले होते. जे नव्हतं तेच माझ्या कामाचं निघालं.

तरी घाई केली नाही. झाकण लावून फोटो काढला, पडद्यावर रंगीत ठिपके आहेत का पाहिलं. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढून सेन्सरवरची धूळ पाहिली. शटर किती वेळा चाललंय ते त्यांनी संगणकावर काढून दाखवलं. किट लेन्ससह १७,००० ला ठरलं, आणि उरलेल्यात एक कार्ड, हवाबंद डबा आणि सिलिका जेल घेतलं. कोकणात राहणाऱ्याने डब्याचे पैसे कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावेत.

घरी आले तर बाबा पडवीत बसले होते. बाहेर मळभ होतं. मी लेन्स चढवली. या जोडीत प्रकाश मोजणारी यंत्रणा चालत नाही, पडद्यावर काहीच सांगितलं जात नाही. बाबांनी एकदा अंगणाकडे, एकदा स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

"किती स्पीडची फिल्म आहे?"

"दोनशे. हा त्याच्या खाली जात नाही, बाबा."

"मग एफ चार, एकशे पंचवीस."

मी कडं फिरवत राहिले. कोपऱ्यात फोकसचा हिरवा ठिपका स्थिर झाला तेव्हा बटण दाबलं. फोटोत त्यांच्या चष्म्याच्या काचेत आमचं अंगण आलंय, आणि उजेड जितका हवा तितकाच आहे.

आता निकॉनने त्या घराण्यातला शेवटचा डी ३५०० बनवणंही थांबवलंय. माझी भाची मागच्या महिन्यात वापरलेला कॅमेरा पसंत करून दाखवायला घेऊन आली. मी टॉर्च लेन्समधून आरपार मारला. कडेला कोळिष्टकासारखी बुरशी पसरलेली होती.

"आत्या, एवढ्या स्वस्तात मिळतोय गं," ती म्हणाली.

कॅमेरा परत गेला. येत्या रविवारी आम्ही दोघी बोरा बाजारात जाणार आहोत. बाबांची लेन्स सोबत नेईन, आणि डब्यातलं सिलिका जेल गुलाबी झालंय, तेही नवीन घ्यायचंय.