कल्याण कॅम्प आणि कराची

फाळणी म्हटली की पंजाब आठवतो. ठाण्यात, खोपटच्या स्टँडवर कोकणच्या एस.टी.ची वाट पाहताना आम्हाला ती इतकी जवळची वाटत नाही. पण १९४७ नंतर सिंधचे निर्वासित इथून जवळच, कल्याणच्या रिकाम्या लष्करी बराकींत आले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले.

उलट बाजूने आमच्या कोकणी मुसलमानांपैकी काहीजण कराचीत राहिले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. रोजगारासाठी कराची गाठणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. १९४८ मध्ये परमिट आले, १९५२ मध्ये पासपोर्ट, आणि सख्खे भाऊ परके झाले.

सिंध्यांची घरे सुटली, आमची माणसे. तरीही फाळणीचा जाब आम्हालाच विचारला जातो. इथे राहिलेल्यांनी मात्र आपले उत्तर तेव्हाच दिले होते.