'मला थायरॉइड आहे' : एका निदानाचा इतिहास

आजचा विषय आपल्या ओळखीचा आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या आवारात, महिला मंडळात किंवा लेडीज डब्यात थोडा वेळ बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'मला थायरॉइड आहे.' शब्दशः घेतलं तर वाक्य गमतीचं आहे. थायरॉइड सगळ्यांनाच असतं. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी बसलेली ही ग्रंथी. आपल्या कोशांत तिला अवटू ग्रंथी म्हटलंय. 'मला यकृत आहे' असं कुणी म्हणत नाही, पण थायरॉइड मात्र 'असतं'. अवयवाचं नावच आजाराचं नाव होऊन बसलं. त्यात एक गोष्ट हरवली, ती म्हणजे नेमकं काय बिघडलंय. ग्रंथी वाढली, मंदावली, की उधळली? आणि का? ही उत्तरं मिळायला वैद्यकाला किती वर्षं लागली आणि ती आपल्या गावापर्यंत कशी पोचली, हे आज आम्ही सांगणार आहोत. कारण या इतिहासातच आजच्या रुग्णाच्या उपयोगाचं बरंच काही दडलेलं आहे.

सुरुवात गळ्यावरच्या गाठीपासून करू. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत 'गलगंड' आहे. तो डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याला नाव लवकर मिळालं. पण ग्रंथी थकली की माणूस थकतो, हे नातं लक्षात यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत वाकबगार होते. १८८३ साली त्यांनी एक विचित्र गोष्ट मांडली. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली, त्यातले अनेक जण पुढे सुजले, मंदावले, सुस्त झाले. याच कामाची पुढची पायरी १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे यांनी गाठली. ४६ वर्षांच्या एका बाईला त्यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. बाई सुधारली, आणि पुढे १९१९ पर्यंत जगली. एवढ्या वर्षांत तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेंनी नंतर दिला. आज सकाळी उठून इवलीशी गोळी घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ज्या द्रव्यासाठी हा खटाटोप, ते थायरॉक्सिन एडवर्ड केंडल यांनी १९१४ साली वेगळं काढलं आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं.

म्हणजे बघा, इलाज आधी आला. कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

कारणाच्या वाटेवरचा पहिला माणूस जपानी होता. हाकारू हाशिमोटो. वयाच्या तिशीत, क्यूशू विद्यापीठात, त्यांनी चार मध्यमवयीन बायकांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिथे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, म्हणजे लिम्फोसाइट्सनी, अक्षरशः ठाण मांडलं होतं. जंतू मात्र कुठेच नव्हता. १९१२ साली त्यांनी हे जर्मन भाषेत, तीस पानांच्या लेखात मांडलं. पुढे ते आपल्या गावी परतले, वडिलोपार्जित दवाखाना चालवला आणि १९३४ मध्ये टायफॉइडने वारले. त्यांच्या निबंधाला जगाने फार भाव दिला नाही. कित्येकांना ती दुसऱ्याच एका आजाराची सुरुवातीची अवस्था वाटत होती.

इथे जरा थांबू. हाशिमोटोंना हे कळलं कशावरून? ग्रंथी कापून बाहेर काढल्यावर. पुढची चाळीसेक वर्षं हे निदान बहुतेक वेळा चाकू चालल्यानंतरच व्हायचं. आधी ग्रंथी जायची, मग आजाराचं नाव कळायचं.

हे बदललं १९५६ मध्ये. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेबोरा डोनिआक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटो रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं वाढलेली दिसत होती. ग्रंथी काढली की ती उतरायची. मग त्यांनी साधा प्रयोग केला. रुग्णाच्या रक्तातला द्रव आणि थायरॉइडचा अर्क समोरासमोर ठेवला. मध्ये साक्याची रेघ उमटली. म्हणजे रक्तातले प्रतिपिंड, ज्यांना आपण अँटीबॉडी म्हणतो, ते स्वतःच्याच ग्रंथीला ओळखून तिच्यावर चाल करत होते. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये असाच आजार घडवून दाखवला. शरीर स्वतःवर उलटत नाही, अशी तोवर बहुतेकांची धारणा होती. ती धारणा ढासळली. 'ऑटोइम्यून', म्हणजे स्वयंप्रतिकाराचा आजार, ही कल्पना पक्की व्हायला थायरॉइड कारणीभूत ठरलं. आणि रुग्णाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की आता गळा न कापता रक्तावरून आजार ओळखता येणार होता. या प्रतिपिंडांचं एक लक्ष्य म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज हे विकर, हे १९८० च्या दशकात कळलं. तिथून आजच्या रिपोर्टवरची 'अँटी-टीपीओ' ही ओळ आली.

राहिला प्रश्न मोजमापाचा. ग्रंथी किती मंदावली हे कसं ठरवायचं? पूर्वी रुग्णाला झोपवून तो प्राणवायू किती वापरतो ते मोजत, रक्तातलं आयोडिन मोजत, कोलेस्टेरॉल बघत, टाचेवर हातोडी मारून पाय किती सावकाश परत येतो ते पाहत. सगळे अंदाज. खरी किल्ली मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडे होती. ती थायरॉइडला हाक मारते, त्या हाकेचं नाव टीएसएच. खालून ओ आली नाही की हाक चढते. म्हणून थायरॉइड मंद तर टीएसएच जास्त. हे उलटं गणित कळलं नाही की रिपोर्ट वाचताना गडबड होते. रक्तात ही हाक अतिसूक्ष्म प्रमाणात असते. ती पकडायची रीत, रेडिओइम्युनोअॅसे, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये शोधली. १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

आता आपल्या रेल्वेच्या मार्गावर येऊ. या पद्धतीला किरणोत्सारी आयोडिन लागतं, म्हणजे ती अणुविज्ञानाच्या अंगणातली गोष्ट. होमी भाभांच्या काळात, १९६३ साली, परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. थायरॉइडचं निदान आणि किरणोत्सारी आयोडिनचे उपचार हे तिथलं महत्त्वाचं काम. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसासाठी याचा अर्थ होता दादरपर्यंत लोकल, पुढे परळ, रांग, आणि रिपोर्टसाठी पुन्हा तीच फेरी. ज्या बाईला जिना चढताना दम लागतो, तिने हे करायचं. पुढे अशा तपासण्यांचे संच वाशीतल्या अणुऊर्जा खात्याच्या संकुलातून देशभर जाऊ लागले. म्हणजे वस्तू ठाणे जिल्ह्यात तयार होत होती, तपासणीसाठी रुग्ण मात्र मुंबईला जात होता.

ही फेरी वाचवली ती अणुसंशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या एका शास्त्रज्ञाने. अरोकियास्वामी वेलुमणी यांनी थायरॉइडच्या जीवरसायनशास्त्रात काम केलं, नोकरी सोडली आणि १९९६ मध्ये थायरोकेअर सुरू केली. कल्पना साधी होती. रुग्णाने हलायचं नाही, नमुन्याने हलायचं. गावोगावी रक्त गोळा करायचं, एकाच मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रांवर तपासायचं, संख्या वाढवायची आणि दर उतरवायचा. ती मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत तुर्भ्याला उभी राहिली, पुन्हा आपल्याच जिल्ह्यात. इतर प्रयोगशाळाही स्पर्धेत उतरल्या. आज डोंबिवलीत घरी येऊन रक्त घेतात आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो.

मग प्रश्न सुटला का? २०१३ मध्ये आठ शहरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुंबई आणि गोवा त्यात होते. ५,३७६ प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांना थायरॉइडची कमतरता होती. त्यातल्या जवळपास दर तिघांमधल्या एकाला आपल्याला हे आहे याचा पत्ताच नव्हता. अँटी-टीपीओ २१.८५ टक्क्यांमध्ये आढळले. किनाऱ्यालगतच्या शहरांत प्रमाण आतल्या शहरांपेक्षा थोडं कमी निघालं, पण तिथेही साडेनऊ टक्क्यांच्या घरात. आमच्याकडे एक समज पक्का आहे, 'आम्ही बांगडा-बोंबील खाणारे, आम्हाला कसला थायरॉइड?' मासळीत आणि मिठात आयोडिन असतं हे खरं. गलगंड निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून आहे आणि आयोडिनयुक्त मिठाने मोठं काम केलं. पण आयोडिनच्या अभावाचा गलगंड वेगळा आणि हाशिमोटोचा आजार वेगळा. एकात कच्चा माल कमी पडतो, दुसऱ्यात कारखान्यावरच घरचे लोक हल्ला करतात. मीठ वाढवून दुसरा आजार बरा होत नाही.

आता इतिहासाने शिकवलेलं एकत्र करू. आजार आधी डोळ्यांना दिसला, मग सूक्ष्मदर्शकाला, मग रक्ताला, आणि शेवटी कागदावरच्या आकड्याला. प्रत्येक टप्प्यावर अचूकता वाढली. पण प्रत्येक टप्प्यावर माणसाचं बोलणं एक पाऊल मागे गेलं. आज दोन्ही बाजूंनी चूक होते. एकीकडे थकवा, वजन, केस गळणं, थंडी सोसवत नाही, पाळी जास्त जाणं, मन उदास, हे सगळं 'वय झालं', 'टेन्शन घेताय', 'लोकलचा प्रवास आहे ना' यात विरून जातं, आणि तपासणीच होत नाही. दुसरीकडे पॅकेजमध्ये टीएसएच जरा वर दिसला की बोलणं न ऐकताच आयुष्यभराची गोळी सुरू होते.

नीट निदानाचा क्रम या इतिहासाइतकाच साधा आहे. आधी लक्षणं आणि घरातला इतिहास, मग गळा हाताने तपासणं, मग टीएसएच आणि फ्री टी-४. ऑटोइम्यून असल्याचा संशय असेल तर अँटी-टीपीओ, तेही एकदा पुरे. त्याचा आकडा महिन्या-महिन्याला मोजून काही साधत नाही, कारण गोळी प्रतिपिंड घालवत नाही, ती कमी पडलेलं द्रव्य भरून काढते. प्रतिपिंड आहेत पण टीएसएच ठीक आहे, तर वर्षाकाठी लक्ष ठेवायचं. टीएसएच किंचित वर असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवता येतं. दहाच्या वर गेला तर सहसा उपचार लागतात. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर मात्र थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, काही यंत्रांचे आकडे त्याने चुकतात.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि 'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्याला एकच विचारावं, गोळी सोडल्यावर टीएसएच किती येतो?

हाशिमोटोंच्या त्या चार बायकांना आपल्या आजाराचं खरं नाव कधी कळलं नसावं. आपल्याला ते एका दिवसात कळू शकतं. म्हणून डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा 'मला थायरॉइड आहे' एवढंच सांगू नका. काय होतंय, कधीपासून, घरात कुणाला आहे, हे सांगा. शेवटचा आणि आधीचा, दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या. आणि उठण्याआधी विचारा, 'माझ्या बाबतीत कारण काय?' इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.