दहा वर्षांची रांग

कुणाच्या भाकऱ्या उरकल्या असतील, कुणाच्या अजून तव्यावर असतील. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज आम्ही बोलणार आहोत स्कूटरबद्दल. मागच्या पंधरवड्यात आमच्या बचत गटात एक वाद झाला, त्यातून हा विषय निघाला. वाद कशावरून झाला ते नंतर सांगतो. आधी स्कूटर.

तुमच्यापैकी ज्या पन्नाशीच्या पुढच्या आहेत, त्यांना ‘नंबर लागणं’ म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. बजाजची चेतक हवी तर आधी पैसे भरून नाव नोंदवायचं आणि मग वाट बघायची. वर्ष-दोन वर्षं नाही, कधी कधी तर दहा वर्षं. मुलगा शाळेत असताना बाप नाव नोंदवायचा आणि मुलाच्या लग्नात गाडी दारात यायची. परदेशातल्या नातेवाइकाकडून परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळायची. नंबर लागलेला माणूस वर पैसे घेऊन आपली गाडी दुसऱ्याला द्यायचा, म्हणजे नवी कोरी स्कूटर दुकानाच्या किमतीपेक्षा महाग! आणि हुंड्याच्या यादीत स्कूटर आली ती याच काळात. कितीतरी मुलींची लग्नं त्या एका ओळीवर अडली, हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्या कंपनीच्या दारात दहा वर्षांची रांग, तिला कसली चिंता? वरवर कसलीच नाही. पण आमचं म्हणणं असं, की तिची चिंता त्या रांगेतच होती.

या गाडीचं मूळ इटलीत आहे. तिथली पियाज्जो ही कंपनी विमानं बनवायची. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, आणि युद्ध संपल्यावर तिची विमानं घेणार कोण? हजारो कामगार, मोडका कारखाना, आणि होता तो धंदा संपलेला. तेव्हा त्यांनी विचार केला, की लोकांना आत्ता काय हवंय? तुटक्या रस्त्यांवरून कामावर जायला स्वस्तातलं काहीतरी. कोर्रादिनो दास्कानिओ नावाच्या विमानांच्या इंजिनिअरला काम दिलं. या गृहस्थांना मोटरसायकल मुळीच आवडायची नाही. तिच्यावर टांग टाकून बसावं लागतं, कपड्यांना तेल लागतं, चाक पंक्चर झालं की बदलणं कटकटीचं. म्हणून त्यांनी इंजिन झाकून टाकलं, पुढे पाय ठेवायला मोकळी सपाट जागा केली आणि चाक विमानाच्या चाकासारखं एका बाजूने बसवलं, म्हणजे पटकन निघेल. १९४६ साली गाडी आली. नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

मैत्रिणींनो, ती मोकळी जागा लक्षात ठेवा. झगा घातलेली बाईसुद्धा सहज बसू शकेल अशी ती गाडी होती. झगा चालतो तर साडी का नाही चालणार?

पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोने पियाज्जोशी करार करून ही गाडी बनवायला सुरुवात केली. सरकारी परवाना १९५९ सालचा. करार संपला १९७१ मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनीने स्वतःच्या नावाची गाडी काढली, चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. १९७५ मध्ये राज्य सरकारबरोबर भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स निघाली आणि आपल्या साताऱ्यात ‘प्रिया’ तयार व्हायला लागली. त्या दोन कारखान्यांनी आपल्याकडच्या किती घरांत महिन्याच्या महिन्याला पगार आणला! आकुर्डीत नोकरीला असलेला मुलगा म्हणजे स्थळ चांगलं, एवढं पुरायचं.

आता रांग का लागली, ते. त्या काळी कारखान्याने किती माल काढायचा हे सरकार ठरवायचं. वर्षाला इतक्याच गाड्या, असा परवाना. जास्त काढायला कंपनी तयार असली तरी मुभा नाही. राहुल बजाज यांनी या परवाना पद्धतीविरुद्ध जाहीरपणे पुष्कळ भांडण केलं, तेव्हा रांगेचा सगळा दोष कंपनीवर टाकणं बरोबर नाही. पण रांग कुणामुळे का लागेना, ती माणसाला एक सवय लावते. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायची गरजच उरत नाही. चेतक सकाळी सुरू होईना की तिला एका अंगावर कलती करायची, मग किक, मग पुन्हा किक. हे चित्र प्रत्येक आळीत दिसायचं. आपण त्याला हसायचो. नवरे घामाघूम व्हायचे आणि आपण पदर सावरून, मांडीवर पोर घेऊन, एका बाजूला पाय सोडून मागे बसायला तयार उभ्या. गाडी दणकट होती, स्वस्त होती, कुठल्याही गावात दुरुस्त व्हायची, हे खरंच. पण ती चालवणारा पुरुष आणि मागे बसणारी बाई, असंच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती किक बाईच्या पायाला झेपेल का, डाव्या मुठीतला गिअर तिच्या हाताला जमेल का, हे विचारायला कुणी आलं नाही. का येईल? रांग होतीच.

ते विचारलं दुसऱ्याच कुणीतरी. १९७२ मध्येच, म्हणजे चेतकच्याच वर्षी, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लूना काढली. पन्नास सीसीची, हलकी, सायकलसारखी पायडल मारून सुरू होणारी. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी या! शहाण्या लोकांनी तिला नावं ठेवली. पण शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या, बँकेतल्या बायका, दूधवाले, आणि पहिल्यांदाच गाडी घेणारे कितीतरी जण तिच्यावर बसले. आमच्यातल्या एकीची आई बालवाडीची ताई होती. लूनाच्या हँडलला दोन पिशव्या आणि मागे खाऊचा डबा, अशी ती तीन वाड्यांना जायची. त्याआधी ती एसटीच्या वेळेवर जगत होती. पुढे १९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि गिअर नसलेली, बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा आणली. बटण! नुसत्या त्या बटणाने पुण्यातल्या किती बायका घराबाहेर पडल्या असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आणि उत्तरेकडून मोटरसायकल आली. लुधियानाची हीरो ही सायकली बनवणारी कंपनी. तिनेही होंडाशी हात मिळवला आणि १९८५ मध्ये सीडी १०० काढली. चार स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलात ऑइल मिसळायची भानगड नाही, धूर नाही, आणि एका लिटरमध्ये स्कूटरपेक्षा कितीतरी लांब जाणारी. चाकं मोठी, त्यामुळे खेड्यातल्या खड्ड्यांत स्कूटरसारखी आदळायची नाही. पेट्रोल महागत चाललं होतं आणि गाडी आता शहरातून गावात येत होती. ‘हमारा बजाज’ ही टीव्हीवरची जाहिरात १९८९ ची, आपल्याला अजून तोंडपाठ. गाणं गोड होतं, पण आम्हाला आज वाटतं की तोवर रांगेची शेपटी आखडायला लागली असणार. दहा वर्षांची रांग असलेल्याला गाणं कशाला लागतं?

कंपनी झोपली होती असं मात्र समजू नका. वाळूजला मोठा कारखाना १९८५ मध्ये उभा राहिला. कावासाकीबरोबर मोटरसायकल काढली. मुलामुलींसाठी छोटी ‘सनी’ही काढली. पण जीव स्कूटरमध्ये अडकलेला. नव्वदीच्या शेवटाला देशात मोटरसायकली स्कूटरपेक्षा जास्त खपू लागल्या. धुराचे नियम कडक झाले, ते दोन स्ट्रोकच्या इंजिनाला झेपेनात. ज्या गाडीने कंपनी मोठी केली, तीच आता तिच्या गळ्यात धोंड झाली.

तेव्हा राजीव बजाज यांनी आणि त्यांच्या तरुण इंजिनिअरांनी कंपनी उलटीपालटी केली. चाकणच्या नव्या कारखान्यातून २००१ मध्ये पल्सर निघाली. जोरदार, तरुण पोरांना वेड लावणारी, आणि बाहेरच्या कुणाचं नाव न लावता इथेच घडवलेली. तिने कंपनी तारली, यात वाद नाही. आज आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत बजाजच्या मोटरसायकली धावतात. पण तारण्याची किंमत कुणीतरी मोजलीच. चेतक बंद झाली, प्रिया बंद झाली. २००७ मध्ये आकुर्डीत गाड्या बनायच्या थांबल्या. पेपरात आलं ते धंद्याच्या पानावर. स्वेच्छानिवृत्ती घेऊन चाळिशी-पन्नाशीत घरी आलेल्या माणसांच्या बायकांना तो निर्णय कळला तो वाण्याच्या उधारीच्या वहीत. ‘वेळेवर विचार बदलला नाही’ असं आपण कंपनीबद्दल म्हणतो, तेव्हा त्या उशिराचं व्याज असं भलत्यालाच भरावं लागतं.

पुढचा भाग आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. २००९ च्या डिसेंबरात बजाजने जाहीर केलं की आता स्कूटर अजिबात नाही, फक्त मोटरसायकल. राजीव बजाज यांचं म्हणणं, एकाच गोष्टीत मन घालावं. वडिलांनी, राहुल बजाज यांनी, आपल्याला वाईट वाटल्याचं जाहीर बोलून दाखवलं. पेपरांनी बापलेकांचा मतभेद चवीने छापला. पण त्याच वेळी रस्त्यावर काय चाललं होतं? होंडाने स्वतःची कंपनी काढून २००१ मध्ये, म्हणजे पल्सरच्याच साली, ॲक्टिवा आणली होती. गिअर नाही, बटण आहे, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा. कॉलेजच्या मुली, नोकरीवाल्या सुना, भाजी आणणाऱ्या सासवा, आणि त्यांच्या मागे लाज सोडून बसलेले नवरे. पुढे तर ॲक्टिवाने सगळ्या मोटरसायकलींना मागे टाकलं आणि काही काळ देशात सर्वांत जास्त खपणारी दुचाकी स्कूटरच ठरली!

म्हणजे स्कूटर मेली नव्हती. पुरुषाची स्कूटर मेली होती. बजाजने पुन्हा विचार केला, धाडसाने केला, पण आमच्या मते तो अर्ध्या गिऱ्हाइकांचा केला. गाडी कुठली हे बदललं, गाडी कुणाची हे बदललं नाही.

मग कायनेटिकचं तर सोनं व्हायला हवं होतं, नाही का? बायकांचं मन आधी त्यांनीच ओळखलं होतं. तसं झालं नाही. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. इंजिनाची विद्या जिची, ती वेगळी झाली, आणि नंतर समोर उभी राहिली. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्रांकडे गेला. एकदा बरोबर ओळखलं म्हणजे कायमचं साधलं, असं धंद्यात नसतं. दरवर्षीच्या पेरणीसारखं आहे ते. मागच्या वर्षी पाऊस बरा झाला, म्हणून यंदाचं बी आपोआप उगवत नाही.

आता विजेच्या गाड्या आल्या. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं. किक नाही, गिअर नाही, धूर नाही. आणि २०२२ पासून ती त्याच आकुर्डीत बनू लागली. २०२४ मध्ये लूनासुद्धा विजेवर आली. आमच्यातल्या एकीच्या मुलीने नवी चेतक घेतली. आजी अंगणात आली, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, “नंबर कितव्या वर्षी लागला गं?” मुलीला प्रश्नच कळला नाही.

तर आता आमचा वाद. आमच्या गटाचं मिरची-मसाला कांडपाचं यंत्र आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्च लागला की रांग. भाजलेला मसाला, वाळवलेली मिरची पिशव्यांत भरून बायका येतात, वहीत नाव लिहितात, एप्रिलमध्ये तर चार-चार दिवस थांबतात. म्हणून आमच्यातल्या बऱ्याचजणींचं म्हणणं, बँकेचं कर्ज काढून दुसरं यंत्र घ्यावं. रांग दिसतेय, अजून काय पुरावा हवा? दोघी-तिघींचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात, परवा दोन नव्या सुना आल्या होत्या, तयार कांदा-लसूण मसाला पाव किलो मागत होत्या. आम्ही त्यांना सांगितलं, आम्ही मसाला विकत नाही, कांडून देतो. मिरची घेऊन या. त्या हसल्या आणि समोरच्या दुकानातून पाकीट घेऊन गेल्या.

आवाज चढले, चहा गार झाला, ठरलं काहीच नाही. शेवटी एवढंच मान्य झालं की गेल्या पाच उन्हाळ्यांच्या वह्या काढायच्या आणि बघायचं: रांगेत तिशीच्या आतल्या किती होत्या, आणि दरसाल त्या वाढल्या की घटल्या. दोन वह्या सापडल्यात, एकीवर तेल सांडलंय, पण नावं वाचता येतात. बाकीच्या शोधतोय. बैठक रविवारी दुपारी तीनला, कांडपाच्याच खोलीत. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, आणि कुणाकडे जुनी वही राहिली असेल तर घेऊन यावी.