बोर्डीच्या घराला पत्ता का नव्हता?

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना माझे दोन आकडे चुकले होते, ते इथे नीट केलेत.

आमचं जुनं घर बोर्डीला. घोलवड स्टेशनला उतरायचं, रिक्षा करायची, चिकूच्या वाड्या संपत आल्या आणि सुरूची झाडं दिसायला लागली की आलंच. तिथल्या माळ्यावर आजीच्या आवाजातल्या ४१ कॅसेट सापडल्या. लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, आणि मधेच "अगं, दूध उतू जातंय बघ!" असली ओरड. आत्या टोरोंटोला असते. गुडघ्यांमुळे आता तिचा प्रवास होत नाही. तिला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मला ऐकव. पण यूट्यूबवर टाकू नकोस हं. आईनं त्यात घरातल्या सगळ्यांची उणीदुणी काढली असणार."

म्हणजे ठेवायचं आपल्याच घरात. जुना लॅपटॉप काढला, लिनक्स टाकलं, त्यावर जेलीफिन. हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमनं आपला कोड बंद केला, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तेच हे. घरातल्या वायफायवर फोनमध्ये १९२.१६८.१.१० टाकलं, पुढे ८०९६ हा पोर्ट, आणि आजी गायला लागली. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आणि आत्याकडे? नुसतं गोल गोल फिरणारं चक्र.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. नाही. लॅपटॉपची फायरवॉल तपासली. नाही. केबलची पिन खाऱ्या हवेनं हिरवी पडली होती, ती बदलली. स्पीड वाढला, पण दार बंदच. हेल्पलाइनवाल्यानं तीन वेळा सांगितलं, "सर, राउटर बंद करून चालू करा." केलं. तीनदा.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी पाहिला, तो १०० पासून सुरू होत होता आणि पुढचा आकडा ८३. मग "माझा आयपी काय" हे सांगणाऱ्या वेबसाइटवर पाहिलं, तिथे भलताच आकडा. हे दोन जुळत नसतील तर मंडळी, राउटरशी भांडण थांबवा. तुमच्या आणि जगाच्या मध्ये अजून एक राउटर आहे, आणि तो तुमच्या हातात नाही.

इथून पुढे इतिहास.

१९७७ च्या सुमारास व्हिंट सर्फ आणि मंडळी वाद घालत होती की इंटरनेटचा पत्ता किती लांब असावा. वाद संपेना, तेव्हा सर्फ यांनी ३२ बिट ठरवून टाकले. हा प्रयोग आहे, खरं काम पुढे बघू, असा त्यांचा हिशेब, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. प्रयोग कधी संपलाच नाही. ३२ बिट म्हणजे साधारण ४२९ कोटी पत्ते. तेव्हा ते अमाप वाटले, म्हणून वाटपही सढळ हातानं झालं. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटीकडे एक कोटी ६७ लाख पत्ते होते. एका विद्यापीठाकडे!

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. तोवर टंचाईची चाहूल लागलेली होती. १९९४ मध्ये नॅटची युक्ती मांडली गेली: घरात कितीही उपकरणं असोत, बाहेर पत्ता एकच. सोसायटीचा पत्ता एक, आतल्या फ्लॅटचे नंबर फक्त वॉचमनला ठाऊक. १९९६ मध्ये १९२.१६८ वगैरे आकडे अशा घरगुती वापरासाठी कायमचे राखून ठेवले. म्हणून तुमच्या घरी तेच आणि माझ्याही घरी तेच.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपला. १५ एप्रिलला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची कोठीही तळाला लागली, आणि उरलेलं रेशन करून वाटायचं ठरलं. आता तारीख बघा. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. म्हणजे भारतातली बहुतेक माणसं ऑनलाइन आली तीच पंगत उठल्यावर. मग कंपन्यांनी काय केलं? वॉचमनच्या वर आणखी एक वॉचमन. अख्ख्या वस्तीला मिळून एक पत्ता. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये वेगळा काढला गेला. माझ्या राउटरवरचा १००.८३ त्यातलाच.

गंमत म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यात, खामलोली भागात, आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पानं टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून गावांत इंटरनेट पोचवून दाखवलं. २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पण तो प्रश्न होता गावापर्यंत नेट कसं आणायचं हा. आमचा उलटा: गावातून जगाला काही द्यायचं तर कसं?

मी आधी आयपीव्ही६ करून पाहिलं. राउटरमध्ये ते बंदच होतं! चालू केलं, लॅपटॉपला स्वतःचा खराखुरा पत्ता मिळाला, फायरवॉलमध्ये वाट दिली. माझ्या मोबाइल डेटावरून लागलं, मी उड्या मारल्या. पण आत्याच्या टोरोंटोच्या घरात आयपीव्ही६ नव्हतं. पुन्हा चक्र.

तेव्हा शेवटचा उपाय. वॉचमन बाहेरच्याला आत सोडत नाही, पण आतल्याला बाहेर जाऊ देतो ना? मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, त्याला स्वतःचा जुन्या पद्धतीचा पत्ता. बोर्डीचा लॅपटॉप वायरगार्डनं त्याला स्वतःच जोडून घेतो, आणि दर २५ सेकंदांनी "आहे बरं का मी" असं कळवत राहतो, नाहीतर वॉचमन त्याला विसरतो. आत्या मुंबईचं दार वाजवते, आवाज बोर्डीहून जातो. जेलीफिनला घट्ट पासवर्ड आणि एचटीटीपीएस मात्र हवंच, कारण दार आता सगळ्यांना दिसतं. महिन्याचं भाडं जातं ते जातंच. ज्यांचे पत्ते १९८० च्या दशकात फुकट मिळालेत त्यांना ते पडत नाही, हे मला अजूनही खुपतं.

रविवारी रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. तिकडे दुपार. पहिली कॅसेट पूर्ण ऐकून झाली होती. म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात मागे रडतंय ना, ती मी."

कॅसेट नंबर १७ ची टेप अडकलीय. पेन्सिल घालून फिरवतोय.